कानाला लावायच्या यंत्राने झोप येते का?

प्रश्न : वडिलांना (वय 66) पाच महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला. डावी बाजू अजून बधिर आहे. रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही. कानातून व्हेगस नर्व्हला (मेंदूतून छाती-पोटाकडे जाणारा मज्जातंतू) वीज देणारं यंत्र ऑनलाइन मिळतं. ते मागवू, की फिजिओथेरपीचं, दुखऱ्या भागाला सौम्य वीज देणारं घरातलं टेन्स मशीनच कानाला लावू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टेन्स कानाला अजिबात लावू नका. ते मोठ्या पॅडसाठी असतं. कानावरच्या इवल्याशा जागेत तोच प्रवाह एकवटला तर कातडी भाजते, आणि कान बधिर असेल तर वडिलांना ते कळणारही नाही.

कानाच्या भोकाच्या वरच्या खोलगट भागात व्हेगसची फांदी कातडीलगत असते. इलेक्ट्रोड (वीज देणारं टोक) तिथेच हवा. पाळीला चिमटा लावून व्हेगसपर्यंत काही पोचत नाही; अभ्यासांत तुलनेसाठी द्यायच्या खोट्या उपचारासाठी मुद्दाम पाळीच वापरतात! प्रयोगांत बहुधा डावा कान, 20 ते 25 हर्ट्झ (सेकंदाला तितके झटके) आणि सुमारे अर्धा तास असं प्रमाण असतं. मुंग्या जाणवतील पण दुखणार नाही इतकाच प्रवाह ठेवतात. आधी कान पुसून तेल काढायचं, इलेक्ट्रोड ओला करायचा. कोरडा राहिला की टोचतो. झोप सुधारल्याचं काही अभ्यासांत दिसलंय, पण ते लहान आणि थोड्या आठवड्यांचे आहेत. अमेरिकेत 2021 मध्ये मंजुरी मिळाली ती शस्त्रक्रियेने बसवायच्या यंत्राला, तीही हाताच्या व्यायामाच्या जोडीला, झोपेसाठी नव्हे. पेसमेकर असेल, नाडी मंद असेल किंवा फिट येत असतील, तर न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय हे यंत्र नको.

पण आमच्या मते यंत्राआधी घोरणं बघा. झटक्यानंतर निम्म्याहून अधिक रुग्णांचा श्वास झोपेत अडतो. रात्री मोबाइलवर पाच मिनिटं चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. स्लीप स्टडी (झोपेत श्वास वगैरे मोजणारी तपासणी) लागेल. उदासपणा, खांद्याचं दुखणं हेही सांगा. लघवी वाढवणारी बीपीची गोळी संध्याकाळी असेल तर सकाळी घेता येईल का ते विचारा. मेडिकलमधून झोपेची गोळी परस्पर आणू नका : श्वास आणखी अडतो, अंधारात तोल जातो. रात्री तांबडा-पांढरा टाळा, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, सकाळी कुणाला तरी सोबत घेऊन रंकाळ्यावर उन्हात बसवा.

दोन आठवडे झोपेच्या वेळा वहीत लिहा. डॉक्टरांनी यंत्र सुचवलंच तर वही चालू ठेवा, आणि महिन्याभरात फरक दिसला नाही तर त्यांना विचारून ते बंद करा.