वाघाच्या पट्ट्याचा आपल्या वावराशी काय संबंध?

प्रश्न : आमचं वावर टिपेश्वरच्या जंगलाला लागून आहे. मागच्या आठवड्यात रात्री पऱ्हाटीला पाणी द्यायला गेलो तर नाल्याकडच्या धुऱ्यावर ओल्या मातीत बशीएवढे पंजे उमटलेले. वाघांच्या गळ्यात पट्टे बांधून सरकार माहिती गोळा करून राहिलं म्हणतात, त्याचा आम्हाला काय फायदा हो?
– एक शेतकरी, ता. केळापूर, जि. यवतमाळ

उत्तर : दादा, बरोबर विचारलंत. तो पट्टा म्हणजे जीपीएस कॉलर, वाघ कुठे आहे ते ठरावीक वेळानं सॅटेलाइटवरून कळत राहतं. तुमच्याच टिपेश्वरच्या एका तरुण नराला २०१९ मध्ये असा पट्टा लावला, तो तिथून निघाला अन् तेलंगणातलं आदिलाबाद, मग मराठवाडा करत करत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, एकूण चाल ३००० किलोमीटरच्या आसपास! तीही नाल्या-ओढ्यांच्या काठानं, लोकांच्या वावरांतून, बहुतेक रात्रीची. म्हणजे अभयारण्याची हद्द राखली की झालं असं नाही, मधला नाला अन् झुडपंही तेवढीच महत्त्वाची.

अशा माहितीवरून कामं होतात बरं. नागपूरहून शिवनीला जाताना पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळ हायवे ४४ नऊ जागी वर उचललाय, खालून जनावरांना वाट, सगळ्यात मोठी ७५० मीटरची. तिथल्या कॅमेऱ्यांत अंगावरच्या काळ्या पट्ट्यांवरून (गळ्यातल्या नाही) ११ वेगवेगळे वाघ ओळखू आले.

पण वावरापर्यंत हे ज्ञान पोचलंच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. वाघ रात्री चालतो हे माहीत आहे, तरी कृषी पंपाची लाइन, म्हणजे वीज, रात्रीची येते अन् टॉर्च घेऊन तुम्ही त्याच नाल्याच्या काठी उभे. वाघांच्या वाटेवरच्या गावांना दिवसाची लाइन सगळ्यात आधी द्यायला पाहिजे. आणि एक विनंती, रोही-डुकरांसाठी धुऱ्यावर तारेत करंट सोडू नका, त्यात वाघ मरतो अन् आपला माणूसही जातो. सौर कुंपणाला अनुदान मिळतं, बीट गार्डला (वनरक्षकाला) विचारा.

पुढच्या वेळी पंजा दिसला की बाजूला काडीपेटी ठेवून फोटो काढा, म्हणजे माप कळतं, अन् तारीख-वेळ लिहून बीट गार्डकडे द्या. असे चार-पाच फोटो जमले की ग्रामसभेत दिवसाच्या लाइनचा ठराव मांडा, आणि त्यात त्या नाल्याचं नाव नक्की टाका.