दुपारी दोनची ओव्हर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. एका महिन्यात तिसरा लेट मार्क लागला, एक किरकोळ रजा कापली गेली आणि इन्चार्ज सिस्टरांनी सर्वांसमोर विचारणा केली, याचे तुला वाईट वाटणे साहजिक आहे. तू लिहिले आहेस की उशीर दहा-पंधरा मिनिटांचाच होतो, तोही गाडीमुळे, आणि ड्युटी संपल्यावर अर्धा अर्धा तास थांबून, सगळी कामे हातावेगळी करूनच तू घरी निघतेस. मग त्या पंधरा मिनिटांचा एवढा बाऊ कशासाठी? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते. चौतीस वर्षे वॉर्डात काढल्यावर, आणि त्यांतली शेवटची अकरा वर्षे ड्युटी लिस्ट स्वतः लावल्यावर, मला असे वाटते की तू हा हिशोब चुकीच्या वहीत मांडते आहेस. ती पंधरा मिनिटे तू तुझ्या खात्यातून खर्च केलीस असे धरतेस आणि संध्याकाळी थांबून फेडतेस. प्रत्यक्षात ती तुझी वाट पाहत उभ्या असलेल्या सिस्टरच्या खात्यातून गेलेली असतात, आणि त्याहूनही अधिक, तुम्हा दोघींमध्ये व्हायच्या ओव्हरमधून, म्हणजे ड्युटी बदलताना रुग्ण सोपवण्याच्या वेळेतून, गेलेली असतात. तिथे संध्याकाळचा अर्धा तास उपयोगी पडत नाही.

ओव्हर म्हणजे काय, हे तू कॉलेजात शिकली आहेस. तरी वॉर्डाच्या बाजूने पुन्हा सांगते. तीस खाटांच्या सर्जिकल वॉर्डात खाटेजवळ उभे राहून नीट ओव्हर द्यायची-घ्यायची तर वीस-पंचवीस मिनिटे लागतात. कोणाची सलाईनची कितवी बाटली चालू आहे, कोणाच्या ड्रेनमध्ये (जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीत) सकाळपासून किती आले, कोणाला उपाशी ठेवायचे आहे, कोणाचे नातेवाईक रक्तपेढीत गेले आहेत आणि अजून परतले नाहीत, कोणता रिपोर्ट यायचा आहे, हे सारे त्यात येते. मग इमर्जन्सी ट्रॉली उघडून पाहायची, सक्शन मशीन चालते का ते बटण दाबून बघायचे, नार्कोटिकच्या, म्हणजे गुंगीच्या औषधांच्या, कपाटातल्या अँप्युल मोजून चाव्या हातात घ्यायच्या. यातले बरेच कागदावर असते; परंतु जे सर्वांत मोलाचे, ते बहुधा कागदावर नसते. ‘पाच नंबरचे आजोबा सकाळपासून जरा गप्प गप्प आहेत, लक्ष ठेव,’ हे वाक्य कोणत्याही चार्टमध्ये लिहायला रकाना नाही, आणि माझ्या अनुभवात रात्री बिघडलेल्या कित्येक रुग्णांची पहिली खूण अशाच एखाद्या वाक्यात होती. घेणारी उशिरा आली की आधी गळते ते हे वाक्य. देणारीचा एक डोळा घड्याळावर असतो. ती ‘सगळं ठीक आहे, लिहून ठेवलंय’ म्हणते आणि पर्स उचलते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेसाठी जे मोजके उपाय जगभरातल्या रुग्णालयांपुढे ठेवले, त्यांत ओव्हरच्या वेळचा संवाद हा एक स्वतंत्र विषय होता. ते वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही, कारण तो धडा मला फार आधी मिळाला होता.

तो प्रसंग मी आजवर फार थोड्या जणींना सांगितला आहे. १९८४ साल होते आणि माझी नोकरीची दोन वर्षे झाली होती. आमच्याकडे सकाळची ड्युटी सात ते दोन, दुपारची दोन ते नऊ अशी असे. आठ आठ तासांनी द्यायच्या इंजेक्शनांच्या वेळा सहा, दोन आणि दहा, या तुला ठाऊकच आहेत. म्हणजे दुपारचा दोनचा डोस हा बरोबर दोन ड्युट्यांच्या शिवणीवर पडतो. त्या दिवशी मी पंचवीस मिनिटे उशिरा पोहोचले. कारणही आज तू सांगतेस तेच होते. माझ्या आधीच्या ज्येष्ठ सिस्टरांची लहान मुलगी शाळेतून सुटून शेजाऱ्यांच्या दारात बसून राहत असे, त्यामुळे त्यांना ठरलेली गाडी गाठायचीच होती. रुग्णांना ताटकळत ठेवायचे नाही म्हणून त्यांनी दोनची इंजेक्शने स्वतः दिली, आणि दोन-वीसपर्यंत वाट पाहून, पलीकडच्या बाजूच्या सिस्टरांना तोंडी सांगून त्या निघाल्या. घाईत तीन नंबरच्या खाटेच्या कागदावर सही राहिली. मी धापा टाकत आले, रिकामा रकाना पाहिला, डोस राहिला आहे असे समजले आणि जेंटामायसिन हे प्रतिजैविक दुसऱ्यांदा दिले.

आतड्याला भोक पडून शस्त्रक्रिया झालेले ते साठीचे गृहस्थ होते. जेंटामायसिन मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते हे मला पाठ होते, म्हणूनच चूक कळताच माझे हातपाय गार पडले. चूक कशी कळली, तर पलीकडच्या सिस्टर चहाहून परत आल्या आणि सहज म्हणाल्या, ‘दोनची सगळी झालीत हं.’ मी निवासी डॉक्टरांना लगेच सांगितले. त्यांनी पुढचा डोस थांबवला आणि दर तासाला लघवी मोजायला सांगितली. नऊ वाजता माझी ड्युटी संपली, पण मी रात्री दोनपर्यंत त्या खाटेजवळून हलले नाही. युरीन बॅगेतले मिलिलिटर वाचायचे आणि चार्टवर लिहायचे, एवढेच करत होते. त्यांना काही झाले नाही. आठ दिवसांनी ते चालत घरी गेले आणि जाताना मला नमस्कार करून गेले, तो नमस्कार मला घेववला नाही. मेमो मला मिळाला आणि त्या सिस्टरांनाही मिळाला. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या नोकरीतला तो पहिला मेमो होता. सही त्यांची राहिली हे खरे, परंतु मी वेळेवर असते तर ती राहिली नसती, हे त्यांना माहीत होते आणि मलाही. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत.

माझे वडील लालबागच्या कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. भोंगा झाल्यावर गेट बंद होई आणि बाहेर बदली कामगार उभेच असत. वेळेवर न आलेल्याचा साचा त्या दिवशी बदलीवाल्याला मिळे. उशिराची किंमत त्या माणसाला आणि त्याच्या घराला मोजावी लागे. ती पद्धत दयाळू नव्हती, आणि तिचे गोडवे मी गाणार नाही. एक फरक मात्र तू ध्यानात घे. आपल्या दारात बदलीवाली उभी नसते. तू आली नाहीस तर आधीच सात तास उभी असलेली सिस्टरच पुढे उभी राहते, कारण वॉर्ड सोडून जाणे तिला शक्य नसते. म्हणून आपल्या कामात उशीर करणारीला किंमत लवकर दिसत नाही. ती दुसरीच कोणीतरी भरत असते.

तुला तिची झळ बसेल, पण उशिरा आणि वेगळ्या वाटेने. बायका तोंडावर भांडत नाहीत. आधी तुझ्या मागे-पुढे ड्युटी नको अशी कुजबुज इन्चार्ज सिस्टरांच्या कानावर जाते. मग सिरीयस रुग्ण तुझ्याकडे द्यायला त्या कचरतात; त्या तुझ्या हुशारीवर शंका घेत नाहीत, फक्त ड्युटी बदलायच्या वेळी तू जागेवर असशील याची त्यांना खात्री उरत नाही. आयसीयूत जाण्याची तुझी इच्छा तू मागे लिहिली होतीस. मी ड्युटी लिस्ट लावत असताना आयसीयूसाठी नावे कशी निवडत असे, ते सांगते: वेळेवर कोण येते हे आधी, सुईचा हात कोणाचा चांगला हे मी त्यानंतर पाहत असे.

रजा कापली, म्हणजे हिशोब मिटला, असा एक सूर तुझ्या पत्रात आहे. तो मला सर्वांत जास्त टोचला. इस्रायलमधल्या हैफा शहरातील पाळणाघरांचा एक अभ्यास उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या दोघांनी २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे कमी होण्याऐवजी वाढले, आणि पुढे दंड काढून घेतल्यावरही ते पूर्वीइतके खाली आले नाहीत. दंड भरला की थांबलेल्या बाईंपुढे ओशाळण्याचे कारण उरले नाही. लेट मार्कचेही असेच होते. मी स्वतः तो लावत होते, नियम म्हणून तो असायला हवा असेही मला वाटते, पण त्याने मुली मस्टरच्या, म्हणजे हजेरीच्या, वेळेला येतात. ओव्हरच्या वेळेला येतील असे नाही. अंगठा देऊन कँटीनला जाणाऱ्याही मी पाहिल्या आहेत.

आता गाडीबद्दल. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर आहे आणि तिथून रोज येणे किती दमवणारे आहे, हे मला कोणी सांगायला नको. गाड्यांची गर्दी तुझा दोष नाही. पण तू एक काम कर. पुढचे चौदा दिवस एका कागदावर पाच वेळा लिही: घराचे दार ओढले ती, फलाटावर पोहोचलीस ती, गाडी सुटली ती, दादरला उतरलीस ती, आणि युनिफॉर्म घालून वॉर्डाच्या दारात उभी राहिलीस ती. माझा अंदाज आहे की गाडी तुला वाटते तितकी दोषी निघणार नाही. उशीर बहुतेक वेळा शेवटच्या दोन नोंदींच्या मध्ये लपलेला असतो. पुलावरची गर्दी, रुग्णालयाच्या फाटकापासून इमारतीपर्यंतची चाल, चेंजिंग रूममधली रांग, केस बांधणे, लिफ्टची वाट, ही मिनिटे आपण मोजतच नाही, कारण मनात आपण दादरला उतरलो तेव्हाच ‘पोहोचलेलो’ असतो.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली माणसांच्या या सवयीचे वर्णन केले. एखाद्या कामाला किती वेळ लागेल हे ठरवताना आपण ते काम सुरळीत पार पडेल असे चित्र रंगवतो. पूर्वी तेच काम करताना प्रत्यक्षात किती वेळ गेला याची आठवण काढत नाही. म्हणून आठवणीवर विसंबू नकोस, कागदावर विसंब. चौदा नोंदींची सरासरी काढू नकोस, कारण सरासरीवर चालणारी बाई निम्मे दिवस उशिरा पोहोचते. सर्वांत वाईट दोन दिवस पाहा आणि त्यांना पुरेल अशी गाडी धर. ती चुकली तरी पुढच्या गाडीने तू ओव्हरला उभी राहशील, अशी. चांगल्या दिवशी तू वीस मिनिटे आधी पोहोचशील. ती तुझी. चहा घे, रिपोर्ट बुक चाळ, बस.

पावसाळ्याचे चार महिने वेगळे धरावे लागतात. साडेचार मीटरहून उंच भरतीच्या तारखा महापालिका आधीच जाहीर करते. त्या तारखा ड्युटी लिस्टशेजारी चिकटव, आणि त्या दिवशी सकाळची ड्युटी असेल तर आदल्या रात्री दादर-परळकडे कोणाकडे राहता येईल का, ते आताच बोलून ठेव. तरीही अडकशील तो दिवस निराळा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा माझी दुपारची ड्युटी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपली. त्यानंतर कमरेइतक्या पाण्यातून चालत आलेल्या मुलींना आम्ही टॉवेल आणि गरम चहा दिला. कोणीही मस्टर उघडले नाही. उशीर आणि अडचण यांतला फरक वॉर्डाला नीट कळतो, हे तू मनात ठेव.

उशीर होणार हे ज्या क्षणी कळेल, त्या क्षणी वॉर्डात फोन कर. मैत्रिणीला नको, थेट वॉर्डात, आणि जिची तू सुटका करणार आहेस तिलाच बोलाव. ‘पोहोचतेच आहे’ म्हणू नकोस. ‘मी आत्ता मुंब्र्याला आहे, दोन-पस्तीसला वॉर्डात असेन,’ असे सांग, आणि त्या दोन-पस्तीसमध्ये लिफ्ट धर. खरी वेळ कळली की ती सिस्टर घरी फोन करू शकते, दोनच्या डोसच्या सह्या शांतपणे पूर्ण करू शकते. पोहोचल्यावर सबबीपासून सुरुवात करू नकोस. पहिले वाक्य ‘दोनची कोणी दिली?’ हे असू दे, आणि कितीही ओशाळल्यासारखे वाटले तरी तिला म्हण की खाटेजवळ जाऊनच ओव्हर घेते. ती पुटपुटेल, पण येईल. ती आधीच गेली असेल तर रिकाम्या रकान्यावर विश्वास ठेवू नकोस. तिला फोन लाव, ती गाडीत असली तरी लाव.

झोपेचे तू लिहिले नाहीस, पण तुझ्या अक्षरात ती दिसते. नाइट संपवून एका सुट्टीनंतर लगेच सकाळची ड्युटी येत असेल, तर पहाटे जाग न येणे हा आळस नव्हे. ते इन्चार्ज सिस्टरांशी बोल, चेंजिंग रूममध्ये कुरकुरत बसू नकोस. पुढची लिस्ट लागण्याआधी, लेखी, विनंतीच्या भाषेत, मध्ये एक दुपारची ड्युटी मागून घे. लांबून येणाऱ्या मुलींना हॉस्टेलमध्ये खोली देणे हे प्रशासनाचेही काम आहे, आणि त्यासाठी अर्ज करायला तू लाजू नयेस. मी इन्चार्ज असताना ज्या मुलींनी अडचण आधी सांगितली, त्यांच्यासाठी लिस्ट हलवता आली. मेमो निघाल्यावर सांगितलेली तीच अडचण सबब म्हणून वाचली जाते, आणि तिथे माझाही हात बांधलेला असे.

सोमवारी तुझी दुपारची आहे. तुझ्या आधी जी सिस्टर असेल, तिला मागच्या तीन वेळांबद्दल काही बोलायचे असेल तर बोलू दे, मध्ये अडवू नकोस. चौदा दिवसांचा तो कागद भरला की मला पाठव. त्यातली पाचवी वेळ मी आधी वाचेन.

तुझी,
मोठी सिस्टर