पतंगांचं गणगोत कसं जुळवतात?

प्रश्न : माझ्याकडच्या जुन्या मार्गदर्शिकेत टायगर मॉथचं कुळ 'आर्क्टिडी' दिलं आहे. नव्या पुस्तकात तेच पतंग 'एरेबिडी'त दाखवले आहेत. पतंग तेच, मग कुळ कसं बदललं?

पतंग जागचे हललेले नाहीत. आपली वंशावळ दुरुस्त झाली आहे.

जुन्या मंडळींचा दोष नाही. टायगर मॉथचे भडक पंख आणि टसक मॉथचे केसाळ सुरवंट पाहिले की ही दोन वेगळी घराणी असावीत असं कोणालाही वाटेल. त्यामुळे आर्क्टिडी आणि लायमँट्रिडी ही कित्येक पिढ्या स्वतंत्र कुळं होती. शेजारी नॉक्टुइडी हे अवाढव्य कुळ होतं. करडा, जाडजूड, कुठे बसवावा ते कळेना, असा पतंग बहुधा तिथे जायचा. थोडक्यात, ती अडगळीची खोली होती.

2011 साली जाहिरी या अभ्यासकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या सगळ्या गोतावळ्यातल्या दीडशेच्या आसपास प्रजातींची आठ जनुकं वाचून वंशवृक्ष मांडला. त्यात टायगर आणि टसक मॉथ नॉक्टुइडीतल्याच काही पतंगांच्या ऐन मध्यावर जाऊन बसले. आता कुळाचा नियम असा, की त्यात एक पूर्वज आणि त्याचे झाडून सगळे वंशज आले पाहिजेत. मधलीच एखादी फांदी देखणी आहे म्हणून तिला वेगळी चूल मांडून देता येत नाही. म्हणून एरेबिडी हे मोठं कुळ धरलं गेलं, आणि टायगर व टसक मॉथ त्यात उपकुळं म्हणून आले.

माझं मत विचाराल तर यात डीएनएचं कौतुक जरा जास्तच होतं. यांच्यातल्या बहुतेकांच्या मागच्या पंखातल्या एका मुख्य शिरेला चार फाटे फुटल्यासारखे दिसतात. भिंग घेऊन बसणाऱ्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. फक्त या खुणेला किती वजन द्यायचं ते ठरत नव्हतं. तुमची मार्गदर्शिका मात्र टाकू नका. तिच्यातली चित्रं आणि वर्णनं आजही तितकीच कामाची आहेत.

प्रश्न : मागच्या पंखांना लांब शेपट्या असलेले रेशीमपतंग एकमेकांचे जवळचे नातेवाईक असणारच ना?

नाही. आडनाव एक म्हणून माणसं भाऊबंद ठरत नाहीत, तसंच हे. आशियात आणि उत्तर अमेरिकेत आढळणारा अ‍ॅक्टियस आणि अमेरिका खंडातलाच कोपिओप्टेरिक्स, दोघांच्याही शेपट्या लांबलचक. पण ते सॅटर्निडी या रेशीमपतंगांच्या कुळाच्या दोन वेगळ्या उपकुळांतले आहेत. जनुकांवरून मांडलेल्या वृक्षात अशा शेपट्या या कुळात स्वतंत्रपणे अनेकदा उगवलेल्या दिसतात. कारण वटवाघूळ. उडताना फिरणाऱ्या शेपटीच्या प्रतिध्वनीमुळे त्याचा हल्ला धडाऐवजी शेपटीवर जातो. शेपटी तुटते, पतंग वाचतो. एवढा मोठा फायदा असेल, तर एकच युक्ती वेगवेगळ्या घराण्यांना सुचणारच.

प्रश्न : फुलपाखरं आणि पतंग हे दोन वेगळे गट आहेत की नाहीत?

फुलपाखरं म्हणजे पतंगांच्याच झाडाची एक फांदी. खवल्यांच्या पंखांच्या या गणात नाव मिळालेल्या सुमारे 1 लाख 60 हजार प्रजाती आहेत, त्यातली फुलपाखरं 19 हजारांच्या आत-बाहेर. 2019 साली 186 प्रजातींची 2,098 जनुकं वाचून मांडलेल्या वृक्षात ही फांदी साधारण 10 कोटी वर्षांपूर्वी फुटलेली दिसते. शिवाय हेडिलिडी नावाचे अमेरिका खंडातले मळकट, बहुतेक रात्री उडणारे कीटक आहेत. पूर्वी त्यांना जिओमेट्रिडी पतंगांत धरत. 1986 साली शरीररचनेवरून कोणी तरी म्हणालं, ही फुलपाखरं आहेत. जनुकांनी पुढे त्यालाच दुजोरा दिला.

प्रश्न : पतंगाच्या एका पायावरून डीएनए बारकोड काढता येतो असं वाचलं. मग त्या एकाच जनुकावरून सगळ्यांचा वंशवृक्ष का काढत नाहीत?

पाय पुरतो हे खरं. बारीक चिमट्यानं एक पाय काढायचा, चिमटा दर नमुन्यानंतर स्वच्छ करायचा, नाहीतर आधीच्या पतंगाचे खवले पुढच्याच्या नळीत जातात. पाय प्रोटीनेज-के हे प्रथिनं तोडणारं विकर घातलेल्या द्रावणात 56 अंशांवर रात्रभर ठेवला की आतली प्रथिनं विरघळतात. मग डीएनए शुद्ध करायचा आणि पीसीआरनं, म्हणजे डीएनएच्या भराभर प्रती काढण्याच्या पद्धतीनं, सीओआय नावाच्या जनुकाचा 658 डीएनए-अक्षरांचा तुकडा वाढवायचा. तोच बारकोड.

अडचण पुढे आहे. सगळ्या पतंगांची अक्षरं एकाखाली एक लावली की दिसतं, दर तिसरं अक्षर भराभर बदललेलं असतं, कारण ते बदललं तरी बहुधा प्रथिन तेच राहतं. जवळच्या प्रजाती ओळखायला ही घाई उपयोगी. पण कोट्यवधी वर्षांमागे वेगळ्या झालेल्या कुळांत त्याच जागी अक्षर पुन:पुन्हा बदलतं, कधी उलटून पुन्हा मूळचंच होतं. खुणा पुसल्या जातात. मग भराभर बदललेल्या दोन फांद्या नातं नसताना वृक्षात एकमेकींना चिकटतात, आणि संगणक मात्र ते बेधडक छापून देतो.

दुसरं असं, की सीओआय मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात असतं आणि ते फक्त आईकडून येतं. त्यात वोल्बाकिया नावाचा जिवाणू घोळ घालतो. तोही आईकडूनच अंड्यांत उतरतो आणि लागण झालेल्या माद्यांची संतती वाढेल अशी व्यवस्था करतो. त्या माद्यांचं मायटोकॉन्ड्रिया फुकटात सगळीकडे पसरतं. मग डोळ्यांना स्पष्ट वेगळ्या दिसणाऱ्या दोन प्रजातींचे बारकोड सारखे निघू शकतात, किंवा एकाच प्रजातीत दोन तऱ्हेचे. असा निकाल आला की मी आधी नराची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहते आणि मग केंद्रकातली जनुकं वाचते. दोन्हींचं म्हणणं एक आलं तरच नवी प्रजाती वगैरे शब्द तोंडातून काढते.

केंद्रकातली जनुकंही सगळी एक सूर लावत नाहीत. फांद्या पटापट फुटल्या असतील तर पूर्वजातली जनुकांची जुनी रूपं पुढच्या शाखांत वेडीवाकडी वाटली जातात, आणि प्रत्येक जनुक आपला निराळा वृक्ष सांगतं. म्हणून आठ जनुकांवरून दोन हजारांवर मजल गेली. तरीही पतंगांच्या मोठ्या गटांमधल्या काही आखूड फांद्यांवर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. छापील वृक्षावर फांदीशेजारी तिला माहितीचा किती पाठिंबा आहे ते सांगणारा आकडा असतो; तो पूर्ण 100 असला तरी त्यावर डोळे झाकून विसंबू नका. माहिती एकाच दिशेनं फसवी असेल, तर चुकीच्या फांदीलाही 100 मिळतात.

प्रश्न : मी दिव्यावर येणाऱ्या पतंगांचे फोटो काढतो. डीएनएच्या कामासाठी काही जपून ठेवायचं झालं तर काय करू?

आपोआप मेलेला ताजा पतंग मिळाला तर एक पाय 95 टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये बुडवा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. फॉर्मॅलिनच्या वाटेला जाऊ नका, त्यात डीएनएची वाट लागते. उरलेला पतंग फेकायचा नाही. पंख पसरून वाळवा आणि पाय व पतंग दोघांना एकच क्रमांक द्या. चिठ्ठीवर जागा, तारीख आणि दिवा कोणता होता ते पेन्सिलीनं लिहा, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

सार्वजनिक डीएनए-साठ्यांत चुकीच्या नावानं पडलेल्या नोंदी भरपूर आहेत. नमुना हाताशी नसेल तर चूक कुठे झाली हे शोधायचा रस्ताच उरत नाही. नाव ठाऊक नसेल तर चिठ्ठीवर ती जागा कोरी सोडा, अंदाजानं भरू नका.