केआय-६७ जास्त आला म्हणजे कॅन्सर वाईटच का?
अमळनेरच्या ताईंचा प्रश्न: आप्पांच्या लघवीच्या पिशवीतली गाठ दुर्बिणीतून काढली, रिपोर्टात केआय-६७ जास्त, पी५३ पॉझिटिव्ह. पुढे काय?

ताई, या दोन शब्दांनी धीर सोडू नका. केआय-६७ हे प्रोटीन विभागणाऱ्या पेशींत दिसतं. जास्त म्हणजे पेशी झपाट्यानं वाढताहेत. पी५३ हे प्रोटीन म्हणजे पेशीचक्राचा, पेशींच्या विभागणीचा, ब्रेक. त्याचं जनुक बिघडलं की निकामी प्रोटीन केंद्रकात साचतं, म्हणून स्लाइडवर रंग गडद चढतो. यातून धोक्याचा अंदाज येतो, पण उपचार निव्वळ यावर ठरत नाहीत.

आधी ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात) बघा, मग टीए (गाठ फक्त आतल्या अस्तरात) की टी१ (अस्तराखालच्या थरात शिरलेली) ते बघा. काढलेल्या तुकड्यात पिशवीच्या भिंतीचा स्नायू आला होता का, हे डॉक्टरांना विचाराच. टी१ असून स्नायू नसेल तर पुन्हा दुर्बीण लागते. ३ महिन्यांची तपासणी कापूस वेचणीतही चुकवू नका. आप्पांची बिडी मात्र आजच बंद.