रोज अडीच तास व्यायाम केल्याने शरीराला अपाय होऊ शकतो का?

आपण लिहिले आहे की, गेले चार महिने एकही दिवस खंड न पाडता आपण रोज अडीच तास धावणे आणि वजने उचलणे करीत आहात, तरीही दमसास वाढण्याऐवजी थकवाच वाढतो आहे आणि रात्री झोप लागत नाही. होय, अति व्यायामाने अपाय होतो, आणि ही लक्षणे त्याचीच असू शकतात.

व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. ती भरून निघते आणि ताकद वाढते, ती नंतरच्या विश्रांतीत, झोपेत व पुरेशा आहारावर. ही भरपाई होण्याआधीच रोज नवा ताण पडत गेला, तर सकाळची नाडी जलद होते, भूक मंदावते, चिडचिड वाढते आणि सर्दी-खोकला वरचेवर होऊ लागतो. आहार अपुरा असल्यास स्त्रियांची पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि हाडेही कमकुवत होतात.

मी स्वतः धावण्याचे अंतर एकदम दुप्पट केले होते. नडगीवर एका ठिकाणी बोट टेकवताच कळ येत असे, पण अंग दुखते आहे असे समजून मी तीन आठवडे तसाच धावत राहिलो. शेवटी एमआरआयमध्ये हाडाला बारीक तडा दिसला. स्नायूंचे दुखणे पसरट असते व सहसा काही दिवसांत ओसरते; बोटाने नेमके दाखवता येणारे आणि धावताना वाढणारे दुखणे अंगावर काढू नये.

जोरकस व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी गडद झाली आणि स्नायू सुजून कमालीचे दुखू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण तुटलेल्या स्नायूंतील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी करू शकते. व्यायाम करताना छातीत दुखले किंवा भोवळ आली, तरीही थांबून तातडीने तपासून घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला मध्यम स्वरूपाचा १५० ते ३०० मिनिटांचा व्यायाम सुचवते. आपला १०५० मिनिटांचा होतो. तेवढा व्यायाम खेळाडू करतात, पण वर्षानुवर्षे हळूहळू वाढवून आणि विश्रांतीचे दिवस राखून. आपण निदान एक आठवडा पूर्ण थांबावे, आणि डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन व थायरॉइड तपासून घ्यावे, कारण असा थकवा त्यांमुळेही येतो. पुन्हा सुरुवात केल्यावर रोज सकाळी अंथरुणातच नाडी मोजून लिहून ठेवावी, आणि ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त भरली, तर त्या दिवशी केवळ चालावे.