अमेरिकेतल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' (एकही मूल मागे राहू नये) कायद्याचा सरकारी शाळांवर काय परिणाम झाला?

सगळ्यात आधी बदललं ते शाळेचं वेळापत्रक. जानेवारी 2002 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सही केलेल्या या कायद्याने तिसरी ते आठवीला दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा सक्तीची केली. 2014 पर्यंत शंभर टक्के मुलं प्रवीण झाली पाहिजेत, असं लक्ष्य होतं. मागे पडत गेलेल्या, केंद्राचा निधी घेणाऱ्या शाळांवर कारवाई. मग ज्याची परीक्षा नाही ते आक्रसलं: सामाजिक शास्त्रं, चित्रकला, संगीत, कुठे कुठे तर मधली सुट्टीसुद्धा.

कित्येक शाळांत लक्ष एकवटलं ते प्रवीण ठरण्याच्या रेषेच्या जरासं खाली असलेल्या मुलांवर, कारण त्यांना वर ढकललं की शाळेचा आकडा सुधारायचा. अगदी मागे पडलेलं पोर तिथेच राहायचं. मला हेच सर्वात जास्त खुपतं, कायदा त्याच्याच नावाने आला होता ना! अटलांटात तर शिक्षकांनीच उत्तरपत्रिकांवरच्या चुकीच्या खुणा खोडून बरोबर केल्या. 2011 च्या चौकशी अहवालात 178 जण अडकले.

एक मात्र मान्य करायलाच हवं. कृष्णवर्णीय, गरीब, अपंग मुलांचे निकाल वेगळे दाखवावे लागल्यामुळे त्यांना शाळेच्या सरासरीआड लपवता येईना. 2015 च्या नव्या कायद्याने परीक्षा तशाच ठेवल्या, कारवाईचे अधिकार मात्र बहुतांशी राज्यांकडे दिले.