अमेरिकेतले ‘सरकारी’ गृहकर्ज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीमध्ये एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. ‘साडेतीन टक्के तुम्ही भरा, बाकीचे सरकार देते,’ असे तेथील एका एजंटने त्याला सांगितले आहे. असे कर्ज त्याला मिळेल का? (पुणे)

उत्तर : सरकार कर्ज देते, हे खरे नाही आणि आपल्या चिरंजीवांना ते सध्या मिळणारही नाही. एजंट ज्याविषयी बोलत आहे ते एफएचए, म्हणजे फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या विम्याचे कर्ज असावे. ही संस्था १९३४च्या कायद्याने स्थापन झाली. कर्ज देते ती बँक किंवा गृहकर्ज कंपनी. एफएचए त्या कर्जाचा फक्त विमा उतरवते. कर्जदाराने हप्ते थकवले आणि त्यामुळे धनकोला तोटा झाला, तर तो भरून देण्याची जबाबदारी एफएचएची. म्हणजे संरक्षण धनकोला आणि प्रीमियम मात्र कर्जदाराने भरायचा, अशी ही रचना आहे. ती ध्यानात घेतली की पुढचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

आता पात्रतेविषयी. क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण, ५८० किंवा त्याहून अधिक असेल तर किमान ३.५ टक्के रक्कम स्वतः भरावी लागते. ५०० ते ५७९ असेल तर १० टक्के. पूर्वी कामाच्या व्हिसावर राहणाऱ्यांनाही ही सोय होती. मात्र मार्च २०२५मध्ये अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने नियम बदलले आणि २५ मे २०२५पासून नोंदवल्या जाणाऱ्या प्रकरणांत कायमस्वरूपी निवासाचा हक्क नसलेल्या परदेशी नागरिकांची पात्रता काढून घेतली. त्यामुळे एच-१बीधारकाला हा मार्ग बंद झाला असून ग्रीन कार्डधारकाला तो खुला आहे. कर्जावर एकाहून अधिक जण सही करणार असतील, तर प्रत्येकाला ही अट लागू होते. आपल्या चिरंजीवांनी सरकारी विमा नसलेल्या कर्जाची चौकशी करावी आणि इतका मोठा बदल ज्याच्या कानावर गेलेला नाही, अशा एजंटच्या बाकीच्या माहितीचीही खातरजमा करून घ्यावी.

प्रश्न : आमच्या मुलीकडे ग्रीन कार्ड आहे. तिच्या घरासाठी आम्ही उभयता काही रक्कम देणार आहोत, परंतु तेथील कर्ज कंपनी आमचे बँक खात्याचे उतारे मागते आणि पत्रही लिहून मागते. आईवडिलांनी मुलीला पैसे द्यायचे, त्याचा हिशेब परक्याला का द्यावा? (नाशिक)

उत्तर : आपली नाराजी समजते, पण ही चौकशी अविश्वासापोटी होत नाही. एफएचएच्या नियमांनुसार घरासाठी लागणारी संपूर्ण रक्कमही नातेवाइकांकडून भेट म्हणून चालते. मात्र ती खरोखर भेट असावी, आड वाटेने दिलेले दुसरे कर्ज नसावे. म्हणून पत्रात देणाऱ्याचे नाव, पत्ता, दूरध्वनी, नाते आणि रक्कम लिहून ‘ही रक्कम परत करावयाची नाही’ हे स्पष्ट नमूद करावे लागते. शिवाय पैसे आपल्या खात्यातून निघाले आणि तिच्या खात्यात पोहोचले, याचा कागद जोडावा लागतो. विक्रेता, बिल्डर किंवा व्यवहारात हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती अशी भेट देऊ शकत नाही.

कंपनी इतकी काटेकोर का, याचेही उत्तर आहे. कर्ज नियमांत बसते असे ती लिहून देते. ते असत्य ठरले तर विम्याची रक्कम तर जातेच, शिवाय सरकारला खोटे सांगितल्याचा दावा लागून तिप्पट भरपाईची वेळ येऊ शकते. अपात्र कर्जे एफएचए विम्यासाठी पात्र असल्याचे दाखवल्याच्या प्रकरणात वेल्स फार्गो बँकेने २०१६मध्ये १.२ अब्ज डॉलर देऊन तडजोड केली होती. कर्जदाराने जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर तोही फौजदारी गुन्हा आहे. ‘नंतर हळूहळू परत कर’ असे घरात ठरले असेल, तर कृपया त्या पत्रावर सही करू नका.

भारतातून पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत (एलआरएस) प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. एका वर्षात १० लाख रुपयांपुढे भेटीदाखल पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, वसूल करते. तो जादा कर नव्हे; विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो किंवा परत मागता येतो, पण तोवर तेवढे पैसे अडकतात, ही तजवीज आधी करावी. परदेशातून वर्षात एक लाख डॉलरहून अधिक भेट मिळाल्यास मुलीला ३५२० क्रमांकाच्या फॉर्मवर अमेरिकी कर खात्याला कळवावे लागते. त्यावर तिला कर पडत नाही, परंतु न कळवल्यास दंड मोठा आहे.

प्रश्न : विम्याचा प्रीमियम किती आणि तो किती वर्षे भरायचा? (ठाणे)

उत्तर : तीन लाख डॉलरचे घर धरू. साडेतीन टक्क्यांप्रमाणे १०,५०० डॉलर स्वतःचे भरले की २,८९,५०० डॉलरचे कर्ज राहते. त्यावर सुरुवातीलाच १.७५ टक्के, म्हणजे सुमारे ५,०६६ डॉलर प्रीमियम लागतो. तो बहुधा कर्जातच मिळवला जातो, म्हणजे त्यावरही व्याज चढते. याशिवाय तीस वर्षांच्या अशा कर्जावर वर्षाला ०.५५ टक्के, म्हणजे आरंभी महिन्याला १३० डॉलरच्या आसपास. १० टक्के किंवा अधिक रक्कम स्वतः भरली असेल तर हा वार्षिक प्रीमियम ११ वर्षांनी थांबतो, अन्यथा कर्ज असेपर्यंत चालूच राहतो. माझ्या मते या कर्जाची खरी किंमत येथे आहे. सरकारी विमा नसलेल्या साध्या कर्जात घरातला स्वतःचा हिस्सा पुरेसा वाढला की असा विमा बंद करता येतो; म्हणून क्रेडिट स्कोअर चांगला असणाऱ्याने दोन्ही कर्जांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

प्रश्न : जावई अमेरिकी सैन्यात आहे. त्याला काही वेगळी सोय आहे का? (सातारा)

उत्तर : आहे. सैनिकांसाठी १९४४पासून गृहकर्जाची स्वतंत्र हमी योजना आहे. तीत बहुधा स्वतःची रक्कम भरावी लागत नाही आणि मासिक विमाही नसतो. एकदाच शुल्क द्यावे लागते. सेवेतील अपंगत्वाची भरपाई मिळणाऱ्याला तेही माफ असते.

प्रश्न : मुलाने पसंत केलेल्या जुन्या घराचा रंग पोपडे धरून निघत आहे, म्हणून एफएचएच्या मूल्यांककाने कर्ज अडवले. विसार दिलेला आहे. तो बुडेल का? (कोल्हापूर)

उत्तर : घर १९७८पूर्वीचे असावे. त्या काळच्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून निघालेला रंग दुरुस्त झाल्याशिवाय कर्ज पुढे सरकत नाही. दुरुस्ती विक्रेत्याने करावी यासाठी वाटाघाटी कराव्यात. विसाराचे म्हणाल, तर एफएचएच्या खरेदी व्यवहारात एक कलम घालावेच लागते : मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आले, तर खरेदीदार विसार न गमावता माघार घेऊ शकतो. हे संरक्षण केवळ किमतीपुरते आहे. दुरुस्तीवरून व्यवहार फिसकटला तर काय, हे मूळ करारातील अटींवर अवलंबून राहील, तेव्हा ती पाने आजच वाचून घ्यावीत. आणि मूल्यांकन म्हणजे घराची तपासणी नव्हे. छप्पर, नळ, विजेचे काम यांसाठी स्वतंत्र निरीक्षक नेमावा.